आयव्हरनं एकदाच सरळ लावलेली व्हॅन

आयव्हर ट्रेवार्थाइतका सज्जन माणूस पोर्ट ओरमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्याची बरीच थट्टा करणार आहे, तेव्हा कुणाला वाटायला नको की माझा, म्हणजे ग्वेन म्हातारीचा, त्याच्यावर काही राग होता. राग मुळीच नव्हता. पंचवीस उन्हाळे तो आमच्या शेजारच्या जागेवर राहिला आणि पंचवीस उन्हाळ्यांत त्यानं आमची एवढी करमणूक केली, की गावात सर्कस आली तरी आम्ही गेलो नसतो.

आयव्हर आतल्या गहू पिकवणाऱ्या मुलखातला. मालगाडीचा ड्रायव्हर. गव्हानं भरलेले चाळीस-चाळीस डबे ओढत बंदरापर्यंत आणायचा आणि रिकामे परत न्यायचा. तीस वर्षांत एक अपघात नाही, एक तक्रार नाही. पण हा असा माणूस चौदा फुटांची एक कॅरॅव्हॅन, म्हणजे सुट्टीत राहायचं चाकांवरचं घर, गाडीमागे लावून आला, की तिला मागे घेऊन जागेवर लावणं त्याला जमायचं नाही. काही केल्या जमायचं नाही.

माझ्या नवऱ्याचं, क्लिफचं, त्यावर म्हणणं असं होतं: "रुळांवरचा माणूस आहे तो. मागे ढकललं की डबा मागे जातो, एवढंच त्याला ठाऊक. इकडे मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की व्हॅन डावीकडे जाते, हे त्याच्या मनाला पटतच नाही. फसवणूक वाटते त्याला ती."

आणि दुसरी गोष्ट बावट्याची. मालगाडी मागे घ्यायची असली की शेवटच्या डब्याशी गार्ड उभा राहतो, हातात हिरवा आणि लाल बावटा घेऊन. ड्रायव्हरनं गार्डकडे बघायचं, बाकी कुठे नाही. हिरवा हलला की चालायचं, लाल दिसला की थांबायचं. आयव्हरनं हीच पद्धत सुट्टीवर आणली. गार्ड कोण, तर त्याची बायको मर्ल. ती व्हॅनच्या मागे उभी राहायची, एका हातात हिरवा पंचा, एका हातात लाल. घरातून निघताना, पेट्रोल भरून निघताना, प्रत्येक वेळी मर्लचा हिरवा पंचा आरशात हलला की हा दोनदा हॉर्न वाजवणार आणि मगच गाडी हलवणार. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावरसुद्धा.

मर्ल शांत बाई. उंच, हाडांनी रुंद, उन्हात चेहऱ्यावर ठिपके उठायचे. तिला पंचा हलवताना लाज वाटायची, हे मला दिसायचं. पण ती आयव्हरला काही बोलायची नाही. मला म्हणाली होती एकदा, "ग्वेन, वर्षातून एक तासाची लाज. त्या बदल्यात महिनाभर ही जागा. मला परवडतं."

ती जागा म्हणजे पहिल्या रांगेतली अकरा नंबरची. समोर फक्त वाळू आणि पाणी. मर्लच्या वडिलांना ती मिळाली तेव्हा तिथे मेंढ्या चरायच्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी सिमेंटचा ओटा घातला, आणि मरताना जागा मर्लच्या नावावर केली. घर भावाला गेलं, शेत भावाला गेलं, मर्लला हा ओटा आला. भरती कधी, ओहोटी कधी, दंताळं घेऊन खेकडे काढायला कुठल्या पट्ट्यात जायचं, हे सगळं तिला वडिलांनी तिथे बसून शिकवलेलं. वर्षाचे अकरा महिने ती आतल्या धुळीत गप्प राहायची. बाराव्या महिन्यात मात्र मर्ल हसायची, गाणी म्हणायची, गुडघाभर पाण्यात उभी राहून माझ्याशी गप्पा मारायची.

आता नियम ऐका, कारण सगळं त्यावर आहे. आमच्या पार्कात, म्हणजे किनाऱ्यावर व्हॅनी लावून राहायच्या त्या आवारात, पहिल्या रांगेसाठी चाळीस कुटुंबं यादीत ताटकळत असायची. आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, सुट्टीचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. म्हणून कमिटीनं ठरवलं होतं: नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला व्हॅनची चाकं ओट्यावर पाहिजेत. नसली तर जागा यादीतल्या पहिल्या माणसाला. सबब चालणार नाही. आणि नियम राबवायला होता नेव्हिल, पार्कचा रखवालदार. टोपी, शिट्टी आणि वही. एका वर्षी शूबर्ट कुटुंबाचा टायर फुटला आणि ते बारा वाजून पाच मिनिटांनी पोचले. नेव्हिल शूबर्टच्या लग्नात नाचलेला माणूस. तरी त्यानं वहीत रेघ मारली. शूबर्ट मंडळी तेव्हापासून मागच्या रांगेत, संडासाशेजारी. पंधरा वर्षं झाली तरी त्यांची म्हातारी नेव्हिलच्या "गुड मॉर्निंग"ला उत्तर देत नाही.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आपापल्या व्हॅनी लावून, उरलेलं थंड हॅम आणि बिअर घेऊन, खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून बसायचो. कोण कशी व्हॅन लावतो ते बघायला. यात वाईट हेतू नसतो, आमच्याकडे ही रीतच आहे. चांगली लावली तर कुणी काही बोलत नाही. वाईट लावली तर सगळे मदतीला उठतात आणि सगळे वेगवेगळं सांगतात.

पहिल्याच वर्षी आयव्हरनं पाण्याचा नळ उडवला. वीस फूट उंच कारंजं. मर्ल लाल पंचा हलवत होती, पण पंचा भिजून तिच्या हाताला चिकटला आणि आयव्हरला तो दिसला नाही. ऐन उन्हाळ्यात पार्क दोन दिवस कोरडं. दुसऱ्या एका वर्षी पाटी चुकून तो होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर गेला. पुढे समुद्र, मागे अकरा होड्यांची रांग, आणि मागे घेणं तर येत नाही. भरती चढत होती. शेवटी आठ जणांनी व्हॅन गाडीपासून सोडवली आणि हातांनी फिरवली. आयव्हर सगळ्यांना टोपी काढून "आभारी आहे, फार आभारी आहे" म्हणत होता आणि पाणी त्याच्या बुटांत शिरत होतं. एकदा घरी परत जाताना कापडी पडवी सोडायला विसरला. पडवी, तिचे खांब, दोरीवर वाळत घातलेले माझ्या क्लिफचे पायजमे, सगळी वरात फाटकापर्यंत गेली.

"बावटा हिरवा होता," आयव्हर म्हणाला.

"हिरवा होता रे, पण पडवीपण होती ना!" क्लिफ ओरडला. "तुझे डोळे कुठे होते?"

"बावट्यावर," आयव्हर म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

त्यांची मुलगी लिनेट. लहान होती तोवर फाटक आलं की सीटखाली पाय ठेवायच्या जागेत जाऊन बसायची आणि "झालं का?" विचारत राहायची. तेरा वर्षांची झाल्यावर फाटकाच्या बाहेरच उतरून, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून, एकटी चालत यायची, म्हणजे कुणाला वाटू नये की ही त्यांची. सगळ्यांना माहीत होतं की ही त्यांचीच. क्लिफ मुद्दाम विचारायचा, "काय ग, आजची बातमी काय?" अठराव्या वर्षी ती म्हणाली, "डॅड, मी यंदा येत नाही." पुढच्या वर्षीही आली नाही. मग विचारायचंच बंद झालं. व्हॅनमधला एक पलंग मिटलेलाच राहायला लागला.

आता ते वर्ष. मर्लला आदल्या दिवसापासून अर्धशिशी होती. उत्तरेचा, आतल्या मुलखावरून येणारा गरम वारा सुटलेला, रस्ता तापून वितळल्यासारखा. तिनं आयव्हरला सांगितलं, मी मागे व्हॅनमध्ये पडून येते. चालत्या व्हॅनमध्ये माणूस बसवणं कायद्यानं चालत नाही, पण लोक करायचे. आयव्हरला पटलं नाही, पण तिचा चेहरा बघून गप्प बसला.

आमच्या गावापासून ऐंशी किलोमीटर अलीकडे एक रोडहाऊस आहे, हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप आणि खानावळ. तिथे त्यानं पेट्रोल भरलं. पैसे देऊन येऊन बसला. त्या तेवढ्या वेळात मर्ल व्हॅनमधून उतरून संडासात गेली होती, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबानं ती आत पडलेली. तरी माणूस शिस्तीचा, तो आरशात बघत थांबला. मर्ल उठून दारातून पंचा दाखवेल म्हणून. आणि आरशात हिरवं काहीतरी हललं. मागच्या गाडीतली कुणी बाई आपल्या मुलांचं खाणं झाल्यावर हिरवं अंथरूण झटकत होती.

आयव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि निघाला.

तो आमच्याकडे पोचला अकरा वीसला. सगळे खुर्च्यांत. आयव्हर अकरा नंबरसमोर थांबला, उतरला, मागे जाऊन व्हॅनच्या दारावर टकटक केली.

"मर्ल, आलो. ये, बावटा घे."

काही नाही. त्यानं दार उघडलं. आत उशीवर खळगा होता आणि मर्लचा चष्मा. आयव्हर पलंगाखाली वाकून बघू लागला. मला हसू आलं, ते मी कबूल करते. मोठी बाई पलंगाखाली कशाला जाईल?

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पिठासारखं पांढरं झालं होतं. "मर्ल नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"रोडहाऊसला राहिली असणार. पण हिरवा बावटा होता, ग्वेन. मी बघितला."

सगळ्या रांगेत हशा उसळला. बायकोच विसरला! नळ झाला, होड्या झाल्या, पडवी झाली, आता बायको! कुणीतरी ओरडलं, "आयव्हर, पुढच्या वर्षी व्हॅन विसर, म्हणजे सुटशील!"

क्लिफ मात्र उठला. थट्टेखोर माणूस, पण वेळ कळायची त्याला. ट्रकची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चल, बस. आपण तिला घेऊन येऊ. ती उन्हात बसली असेल, डोकं दुखत असताना, चष्म्याशिवाय. तुझ्या गाडीची किल्ली नेव्हिलकडे दे. इथला कुणीही दोन मिनिटांत व्हॅन ओट्यावर चढवेल. जागा कुठे जात नाही."

नेव्हिलनंही मान हलवली. "नियमात चाकं आहेत, आयव्हर. हात कुणाचे ते लिहिलेलं नाही. जा तू."

मला अजूनही तो क्षण आठवतो. आयव्हर ट्रकच्या दाराला हात लावून उभा होता. त्यानं अकरा नंबरकडे बघितलं. मग खुर्च्यांकडे, आमच्या सगळ्यांकडे. पंचवीस वर्षांत त्यानं आमच्याकडे असं बघितलं नव्हतं. आणि त्यानं दारावरचा हात काढला.

"तू जा, क्लिफ," तो म्हणाला. "ही मर्लची जागा आहे. दुसरं कुणी हात लावायचा नाही. ती येईल तेव्हा व्हॅन जागेवर असेल. मी लावलेली."

"अरे, पण ती वाट कुणाची बघत असेल? माझी?"

"तिला सांग, मी जागा धरून ठेवलीय."

क्लिफनं माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि एकटाच गेला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. खरं सांगू? मला बघायचं होतं. सगळ्यांनाच बघायचं होतं. गार्डशिवाय आयव्हर! असा खेळ पुन्हा कुठे मिळणार?

अकरा सव्वीसला त्यानं सुरुवात केली. पहिल्या झटक्यात गाडी आणि व्हॅन कोपरात दुमडल्यासारखी झाली. पुढे. पुन्हा मागे. व्हॅन आमच्या पडवीकडे यायला लागली तशी मी माझी बिअर घेऊन उठले. पुढे. पुन्हा.

"डावीकडे!"

"अरे उजवीकडे! उजवीकडे म्हणजे डावीकडे जाईल!"

"स्टिअरिंग खालून धर, वरून नाही!"

"कोणी बिशपला बोलवा!"

आणि नेव्हिल वहीवर पेन्सिल आपटत: "अकरा चाळीस! मी घड्याळ बघतो, आयव्हर, तू आरसा बघ!"

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजायला लागला. ऑफिसच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला एक घंटा होती, सगळ्या पार्कभर ऐकू जाईल अशी. ऑफिसात कुणी नव्हतं, कारण नेव्हिल इथे वही घेऊन उभा. घंटा वाजून थांबली. पुन्हा वाजली. नेव्हिल म्हणाला, "वाजू दे, बुकिंगवाले असतील." पुन्हा थांबली, पुन्हा वाजली. आम्ही हळूहळू ती ऐकेनासे झालो, माशांची भुणभुण ऐकेनाशी होते तशी.

आणि मग एक गोष्ट झाली. आरशात बघून बघून आयव्हरच्या हाती काही लागेना. बावटा नव्हताच. म्हणून त्यानं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मान वळवून मागे बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी, व्हॅनच्या चाकाकडे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. स्टिअरिंग थोडं फिरवलं. व्हॅन कुठे जाते ते बघितलं. परत थोडं फिरवलं. खुर्च्यांतला गलका कमी होत गेला. त्याचे ओठ हलत होते, तोंडाला घाम, आणि ती जुनी पांढरी व्हॅन, जी आयुष्यात कधी सरळ गेली नव्हती, ती आपल्या आपण असल्यासारखी ओट्याच्या कडेला समांतर आली आणि मागे सरकायला लागली. हळू, सरळ, रुळावर असल्यासारखी. घंटा वाजतच होती.

अकरा अठ्ठावन्नला चाकं ओट्यावर. दोन्ही बाजूंना बोट-बोट जागा समान. नेव्हिलनं शिट्टी फुंकली. आम्ही उठून टाळ्या वाजवल्या. मी सुद्धा. मी तर रडले. कुणी त्याच्या हातात बिअर दिली, कुणी पाठ थोपटली. आयव्हर व्हॅनभोवती फिरत होता, चाकं बघत होता आणि म्हणत होता, "मर्ल बघेल आता. मर्ल बघेल."

मर्ल आली ती एक वाजून वीस मिनिटांनी. क्लिफचा ट्रक थांबला. ती उतरली. उन्हानं चेहरा लाल, डोळे अर्धे मिटलेले. एका हातात रोडहाऊसच्या बाईनं दिलेली प्लास्टिकची पाण्याची बाटली. क्लिफ तिच्यामागे उतरला आणि मला डोळ्यांनी खूण केली, की गप्प बस. वाटेत तिनं त्याला एकच प्रश्न विचारला होता, हे मला नंतर कळलं. आयव्हर का नाही आला? आणि क्लिफ माझा नवरा असला तरी त्याला खोटं बोलता येत नाही. त्यानं जे झालं ते सांगितलं.

आयव्हर धावत गेला. "मर्ल, बघ! सरळ! बघ ना, दोन्हीकडे सारखी. मी एकट्यानं लावली. बारा वाजायच्या आत!"

मर्लनं व्हॅनकडे बघितलं. नीट बघितलं, चष्म्याशिवाय जेवढं दिसेल तेवढं.

"मी फोन करत होते," ती म्हणाली. "त्या बाईनं काउंटरवरचा फोन दिला. मी सत्तावीस वेळा लावला."

नेव्हिल वहीत काहीतरी शोधायला लागला.

"आयव्हर, इथे फोन वाजला का?"

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गडबडीत कळलंच नाही. पण आयव्हर सज्जन माणूस.

"वाजला," तो म्हणाला.

"तुला ऐकू आला?"

"आला."

"कुणाचा वाटला तुला?"

आयव्हरनं बिअरचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुझाच असणार असं वाटलं, मर्ल. पण तेव्हा व्हॅन सरळ येत होती."

मर्लनं मान हलवली, जसं कुणी दुकानात भाव ऐकून हलवतं. मग ती व्हॅनमध्ये गेली, चष्मा घेतला आणि दार आतून लावून झोपली.

मला वाटलं होतं, चिडेल, दोन दिवस अबोला धरेल, मग होईल ठीक. अबोला तिनं धरलाच नाही, तेच वाईट झालं. ती सगळं करत होती. सकाळी चहा, दुपारी मांस-बटाटा भरलेली पेस्टी, संध्याकाळी मासे तळणं. आयव्हरनं काही विचारलं की उत्तर द्यायची, आपण बँकेत देतो तसं, पूर्ण आणि नम्र. ओहोटीला दंताळं घेऊन एकटीच लांब जायची. मी मागून गेले तर म्हणायची, "ग्वेन, आज मला जरा एकटीलाच राहू दे." आयव्हर किनाऱ्यावर उभा राहून तिच्याकडे बघायचा. खेकडे आणले की म्हणायचा, "वा, मोठे आहेत." ती म्हणायची, "हो, मोठे आहेत."

एकदा तो माझ्याकडे आला. टोपी हातात. "ग्वेन, मी काय करू?"

"माफी माग."

"मागितली. सात वेळा. ती म्हणते, ठीक आहे."

"मग कशासाठी मागतोयस ते सांगितलंस का?"

"तिला विसरलो म्हणून."

"त्यासाठी नाही रे!" मी म्हटलं. "विसरतात माणसं. क्लिफ एकदा मला दाताच्या डॉक्टरकडे विसरला होता. तू आठवल्यानंतर गेला नाहीस, त्याचं माग."

आयव्हर बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "पण मी गेलो असतो तर व्हॅन दुसऱ्या कुणी लावली असती. तिला दाखवायचं होतं मला. एकदा तरी. ती किती वर्षं उभी होती तिथे, ग्वेन, तो पंचा घेऊन." त्याला कळत होतं आणि कळत नव्हतं. मी पुढे काय सांगणार? मीच तर टाळ्या वाजवल्या होत्या.

जानेवारी संपला. निघायच्या दिवशी मर्ल पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि समोर बघत राहिली. मागे कुणी पंचा हलवला नाही. आयव्हर पाच मिनिटं तसाच बसून होता, हात स्टिअरिंगवर. शेवटी नेव्हिलनं शिट्टी फुंकली, तेव्हा निघाला.

फेब्रुवारीत कमिटीला पत्र आलं. नेव्हिलनं ते मला दाखवलं. दाखवायला नको होतं, पण मी त्याला अशी बातमी लपवू देते होय? दोन ओळी. अकरा नंबरची जागा मी सोडत आहे, यादीतल्या पहिल्या कुटुंबाला द्यावी. खाली मर्लची सही. वडिलांच्या हातचा ओटा, आणि दोन ओळी.

मी लगेच तिला फोन केला. "मर्ल, वेडी झालीस का? तुझी जागा आहे ती! त्याच्यावरचा राग जागेवर काढतेस?"

"राग नाही, ग्वेन."

"मग जागा नको का तुला?"

"जागा हवीय. तिथे त्याच्याबरोबर यायचं नाही."

"मग एकटी ये! लिनेटला घेऊन ये!"

"व्हॅन कोण ओढणार?" ती म्हणाली. "मला गाडी चालवता येत नाही. मी पंचाच हलवत आले ना इतकी वर्षं." आणि हसली. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आयव्हरला तिनं ईस्टरला सांगितलं, जेवणाच्या टेबलावर, बटाटे वाढताना. हे लिनेटनं मला सांगितलं. आयव्हर म्हणाला म्हणे, "बरं." आणि बटाटे खाल्ले. नंतर बाहेर जाऊन अंगणातल्या व्हॅनमध्ये बसला, अंधार पडेपर्यंत. घर त्यांनी सोडलं नाही, एकमेकांनाही सोडलं नाही. दोघं तिथेच आहेत अजून. ती रेडिओ ऐकते, तो भाज्या लावतो. सुट्टीला कुठे जात नाहीत.

फक्त पुढच्या नाताळनंतर आयव्हर एकटा आला. व्हॅन घेऊन, मागच्या रांगेत, शूबर्टांच्या पलीकडे, जिथे एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येतं. मागे घ्यायची गरजच नाही. कुणी खुर्ची वळवली नाही. तो तीन दिवस राहिला. सकाळी येऊन पहिल्या रांगेसमोरच्या वाळूत उभा राहायचा. अकरा नंबरवर आता शहरातलं एक जोडपं होतं, दोन लहान मुलं, मोठी नवी व्हॅन. त्यांनी ओट्यावर प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, मुलांचे पाय भाजू नयेत म्हणून. भली माणसं. त्यांनी आयव्हरला चहा विचारला. तो नको म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी आला. "निघतो, ग्वेन. मर्लला त्या गवताचं सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हटलं.

अर्थातच मी त्याच दुपारी फोन केला. आयव्हर घरी पोचायला अजून दोन तास होते. मर्लला सगळं सांगितलं, जोडपं, मुलं, गवत, चहा नको म्हणाला ते. तिकडे तिचा रेडिओ चालू होता, तो तिनं बंद केला.

मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.